रेंज गेल्यावर जे चालते : पदवीच्या वर्गात वापरून पाहिलेली डिजिटल साधने

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, एका अनुदानित महाविद्यालयात मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. आमचे महाविद्यालय कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. त्यामुळे जळगावच्या एखाद्या वसाहतीत घरच्या वायफायवर अभ्यास करणारा मुलगा आणि धडगावकडच्या डोंगरात रेंज शोधत टेकाडावर जाऊन बसणारी मुलगी हे दोघे एकाच प्रश्नपत्रिकेला सामोरे जातात. नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आणि ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर’ या शीर्षकाखाली भरायचे रकाने एकाएकी वाढले. ते रकाने भरता भरता माझ्या सहकाऱ्यांनी आणि मी जी साधने वर्गात, प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात खरोखर वापरली, त्यांचे हे परीक्षण आहे.

कसोटी मी एकच ठेवली होती. तास चालू असताना वीज गेली किंवा नेट बसले, तर त्या साधनाचे हातात काय उरते, एवढेच मी पाहिले. ही कसोटी पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकाला कदाचित विचित्र वाटेल. पण मार्च उजाडला की आमच्याकडे दुपारच्या प्रात्यक्षिकाला वीज असेलच याची खात्री कोणी देत नाही, आणि चाळीस मुलांनी एकदम एकच व्हिडिओ लावला की गावातल्या टॉवरचा जीव घाबरा होतो.

सर्वांत महाग साधनापासून सुरुवात करतो, कारण त्याविषयी सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. भिंतीवर बसवलेले पंच्याहत्तर इंची स्पर्शपटल, ज्याला सगळे नुसते ‘पॅनल’ म्हणतात, ते आम्ही दीड लाखाहून अधिक मोजून घेतले. प्रात्यक्षिक दाखवायला आलेल्या विक्रेत्याने बोटाच्या एका फटकाऱ्यात सूर्यमाला गरगर फिरवली आणि खरेदी समितीतले आम्ही सगळे प्राध्यापक शाळकरी पोरांसारखे पाहत राहिलो. वर्षभराने त्यातल्या फळ्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला आणि तोवर त्यात जपून ठेवलेल्या टिपणांच्या फाइली उघडेनाशा झाल्या. विक्रेत्याचा फोन आता लागतो, पण उचलला जात नाही. समितीत मी स्वतः होतो, तेव्हा परवान्याची मुदत न विचारण्याचा दोष माझ्याही पदरात पडतो. पॅनलचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. आमच्या वर्गांना पडदे नाहीत; भर दुपारी प्रोजेक्टरचे चित्र भिंतीवर विरून जाते, तेथे पॅनलवरची आकृती शेवटच्या बाकावरूनही स्वच्छ दिसते. घेणाऱ्याने तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : सॉफ्टवेअरचा परवाना किती वर्षांचा आहे, टिपणे साध्या पीडीएफमध्ये साठवता येतात का, आणि महाविद्यालयातल्या इन्व्हर्टरवर हे धूड किती वेळ चालेल. बाकी सूर्यमाला कोणत्याही मोबाइलवर फिरते.

त्यानंतर व्हर्च्युअल लॅब्स. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा, माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून उभा राहिलेला हा प्रकल्प आहे. त्याचे समन्वयन आयआयटी दिल्लीकडे असून मुंबई, खरगपूर, कानपूर, रुरकी येथील आयआयटी, हैदराबादची ट्रिपल आयटी, अमृता विद्यापीठ, पुण्याचे सीओईपी अशा संस्थांनी त्यातले प्रयोग तयार केले आहेत. वापर विनामूल्य आहे. प्रत्येक प्रयोगाची मांडणी ठरलेली असते : उद्देश, सिद्धान्त, आधीची छोटी चाचणी, कृती, मग प्रत्यक्ष सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचा आभासी प्रयोग, आणि शेवटी पुन्हा चाचणी. आमच्या जर्नलची, म्हणजे प्रयोगवहीची, मांडणीही साधारण अशीच असल्यामुळे विद्यार्थ्यांना तेथे वावरायला शिकवावे लागत नाही.

याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे न्यूटनच्या कड्यांच्या प्रयोगावरून सांगतो. काचपट्टीवर बहिर्गोल भिंग ठेवले की एकात एक गोल कडी दिसतात, त्यांचे व्यास मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायची, असा हा प्रयोग. प्रयोगशाळेत आमच्याकडे चालू स्थितीतले ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे सरकवून मोजमाप घ्यायचे सूक्ष्मदर्शक, दोन आणि बॅच वीस जणांची. सोडियमचा दिवा लावल्यावर तो आधी लालसर दिसतो आणि त्याचा खरा पिवळा प्रकाश स्थिर व्हायला काही मिनिटे जातात. त्यानंतर विद्यार्थी भिंगाला डोळा लावतो आणि पहिल्यांदा त्याला काहीच दिसत नाही, कारण काय पाहायचे आहे हेच त्याला ठाऊक नसते. ‘सर, आठे काहीच दिखत नई,’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे, की त्यावरून मला सत्राचा कितवा आठवडा चालू आहे ते सांगता येईल. मागच्या वर्षी बॅचला आधी एक तास व्हर्च्युअल लॅबमध्ये हाच प्रयोग करायला लावला. कडी कशी दिसतात, मायक्रोस्कोपमधली उभी तार कड्याला कुठे स्पर्श करायला हवी, डावीकडचे वाचन कुठले आणि उजवीकडचे कुठले, हे मुले पडद्यावर पाहून आली होती. त्यामुळे खऱ्या यंत्रावर प्रत्येकाला लागणारा वेळ निम्म्यावर आला आणि शेवटच्या गटाला घाईघाईने शेजाऱ्याची वाचने उतरवून घ्यावी लागली नाहीत. केवळ एवढ्यासाठीही मी या साधनाची शिफारस करीन.

पण पडद्यावरच्या भिंगावर धूळ बसत नाही. आमच्या प्रयोगशाळेत मार्च-एप्रिलमध्ये, खिडक्या लावून घेतल्या तरी, काचपट्टी आणि बहिर्गोल भिंग यांच्यामध्ये धुळीचा कण शिरतोच, आणि मग पुस्तकाप्रमाणे काळा दिसायला हवा असलेला मधला ठिपका उजळ दिसतो. मुलगा गोंधळतो, पुस्तक उघडतो, पुन्हा भिंगात पाहतो, आणि त्या गोंधळातूनच त्याला उमगते की दोन पृष्ठभागांमध्ये थोडे अंतर राहिले आहे, किरणांच्या मार्गातला फरक त्यामुळे बदलला आहे, आणि म्हणूनच कड्यांच्या व्यासांच्या वर्गांमधला फरक घ्यायला सांगितलेला आहे. सिम्युलेशनमध्ये हा गोंधळ होत नाही. तेथे स्क्रू उलटा फिरवल्यावर त्याच्या ढिलेपणामुळे वाचनात येणारी चूक (बॅकलॅश एरर) नसते, व्यासाच्या वर्गाचा कड्याच्या क्रमांकाशी काढलेला आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ येतो आणि तरंगलांबी पुस्तकातली निघते. आता एखाद्या जर्नलमध्ये ५८९३ अँगस्ट्रॉम हे उत्तर जसेच्या तसे आले की मी समजून जातो, हा आकडा मायक्रोस्कोपमधून आलेला नाही, मोबाइलमधून आलेला आहे. म्हणून माझा आग्रह असा, की व्हर्च्युअल लॅब प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी वापरावी. प्रात्यक्षिकाऐवजी कधीही नाही. उपकरणे दुरुस्त न करण्याचे निमित्त म्हणून तिचा वापर होऊ लागला तर नुकसान मोठे होईल, आणि तसा मोह व्यवस्थापनाला होऊ शकतो हे मी स्वतः बैठकीत बसून पाहिले आहे.

माझ्या कसोटीवर मात्र व्हर्च्युअल लॅब्स अर्धीच उतरते. बहुतेक प्रयोग चालवायला नेट लागते. जुने काही प्रयोग फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवर बांधलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये फ्लॅशच बंद झाल्यावर त्यांची नव्याने बांधणी करावी लागली, आणि नव्या स्वरूपातले प्रयोग मोबाइलवर बरे चालतात. चाचण्यांची आणि सिद्धान्ताची भाषा इंग्रजीच आहे.

भाषेच्या आणि नेटच्या दोन्ही बाबतींत ज्याने मला सुखद धक्का दिला ते म्हणजे फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी विज्ञानाच्या सिम्युलेशनचा हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या सिम्युलेशनची फाइल एकदा उतरवून घेतली, की ती पुढे नेटशिवाय, साध्या ब्राउझरमध्ये उघडते. आकारही असा, की मी सगळ्या वर्गाला ती पेनड्राइव्हवरून, मग एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याच्या मोबाइलवर, चहा पिऊन होईपर्यंत पोचवू शकलो. अनेक सिम्युलेशन मराठीतही आहेत.

विद्युत मंडल जोडण्याचे त्यांचे सिम्युलेशन मी प्रथम वर्षाला देतो. त्यात तारा, बल्ब, रोध, बॅटरी, अमीटर, व्होल्टमीटर सगळे असते आणि बोटाने ओढून जोडता येते. शिवाय नाणे, कागदाची टाचणी, खोडरबर, पेन्सिल अशा घरगुती वस्तूही मंडलात घालून वीज वाहते का ते पाहता येते. त्यात एक डॉलरची नोटही आहे, तेथे दहा रुपयांची असती तर आमची मुले अधिक हसली असती. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, बॅटरी पेटनी!’ त्या मुलाने बॅटरीची दोन टोके तारेने थेट जोडली होती आणि पडद्यावर ज्वाळा निघाल्या होत्या. शॉर्टसर्किट म्हणजे काय हे त्याला शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमुळे माहीत होतेच. पण ‘रोध जवळजवळ शून्य झाला तर धारा किती होईल’ हा प्रश्न त्याला त्या ज्वाळांपाशी विचारता आला, आणि त्याने उत्तर ओहमच्या नियमातून दिले. फळ्यावर तोच नियम मी आदल्या दिवशी लिहिला होता, तेव्हा तो वहीत उतरवून घेण्यापलीकडे त्याने काही केले नव्हते.

मराठी आवृत्तीचा खरा उपयोग मला जरा उशिरा कळला. आमची बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. विद्युतधारा, विभवांतर, रोध हे शब्द त्यांच्या तोंडी असतात. बारावीनंतर ते अचानक ‘करंट’, ‘पोटेन्शियल डिफरन्स’, ‘रेझिस्टन्स’ होतात आणि ओळखीची माणसे परक्या वेशात यावीत तसे होते. मी आता एकाच सिम्युलेशनच्या दोन्ही आवृत्त्या देतो, आधी मराठी आणि आठवड्याने इंग्रजी. चित्र तेच, बटणे त्याच जागी, फक्त नावे बदललेली, त्यामुळे शब्दकोश न उघडता दोन्ही नावे एकमेकांशेजारी बसतात. नवापूर-धडगावकडून आलेल्या ज्या मुलांची घरची बोली मावची किंवा पावरी आहे, त्यांच्यासाठी मराठीही दुसरीच भाषा असते. त्यांना या दोन्हींपेक्षा पेटणारी बॅटरी अधिक समजते, हेही खरे.

येथे एक विषयांतर करतो. याच सुमारास एका यांत्रिक भाषांतर करणाऱ्या ॲपवर मी माझ्या इंग्रजी टिपणांचे मराठी करून पाहिले. त्याने चुंबकीय क्षेत्राचे ‘चुंबकीय शेत’ केले. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या मुलांना शेत चांगले कळते. त्यामुळे पुढचा पूर्ण आठवडा ‘सर, या शेताले पाणी कोनतं?’ हा प्रश्न मला ऐकावा लागला. असली साधने शिक्षकाने स्वतः वाचून, दुरुस्त करून मगच द्यावीत. दुरुस्तीला लागणारा वेळ हिशेबात धरला, तर पुष्कळदा आपणच थेट मराठीत लिहिलेले परवडते.

फेटची मर्यादा पातळीची आहे. शाळेसाठी आणि पदवीच्या प्रथम वर्षासाठी ते उत्तम आहे. द्वितीय वर्षापासून त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो, आणि क्वांटम यामिकीच्या काही जुन्या सिम्युलेशन अजून जावा या जुन्या तंत्राच्या जमान्यातल्या असल्याने मोबाइलवर नीट चालत नाहीत.

संगणकाच्या बाबतीत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते साधे आहे आणि सांगितलेले काम चोख करते. साधारण दहा मिनिटांचा एक पाठ, पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीत आणि कानात आवाज मराठीत, ही त्याची रीत. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर उघडून, जे ऐकले ते लगेच करून पाहायचे असते. हव्या त्या विषयाचे आणि भाषेचे पाठ निवडून त्यांचा एकत्र गठ्ठा उतरवता येतो. तो आम्ही संगणक कक्षातल्या सगळ्या यंत्रांवर टाकून ठेवला आहे आणि पायथन, लिब्रेऑफिस त्यावरूनच शिकवतो. काही पाठांत दिसणाऱ्या आवृत्त्या जुन्या आहेत, त्यामुळे ‘सर, हे बटण आमच्याकडं नाहीये’ अशी हाक अधूनमधून येते. शिकवणारा खोलीत हजर असेल तर ती अडचण अर्ध्या मिनिटाची असते.

आता स्वयंम् आणि एनपीटीईएल. याविषयी माझे मत दुभंगलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा २००३ पासूनचा उपक्रम, आणि स्वयंम् हे ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेले ऑनलाइन अभ्यासक्रमांचे राष्ट्रीय व्यासपीठ, ज्यावर एनपीटीईएलसह इतर समन्वयक संस्थांचे अभ्यासक्रमही असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत पदवीसाठी लागणाऱ्या एकूण श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयंम्‌मधून घ्यायला मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. कागदावर ही मोठीच संधी आहे. आमच्याकडे ज्या विषयाला शिक्षकच नाही, तो विषय विद्यार्थी देशातल्या उत्तम प्राध्यापकाकडून शिकू शकतो, आणि अभ्यासक्रम पाहायला, गृहपाठ सोडवायला एक पैसा लागत नाही.

व्याख्यानांच्या दर्जाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. एनपीटीईएलची व्याख्याने उतरवून घेता येतात, त्यामुळे ती माझ्या कसोटीवर बऱ्यापैकी टिकतात, आणि बऱ्याच अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे मराठीतले लेखी रूप मिळते. ते मी मुलांना व्याख्यान पाहण्याआधी वाचायला देतो. व्याख्यानाच्या वेगाने दमछाक होणाऱ्याला तो आधार पुरतो. अडचण पुढे आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि एनपीटीईएलचे शुल्क एका अभ्यासक्रमाला हजार रुपये आहे. गुणांची विभागणी गृहपाठाला पंचवीस आणि परीक्षेला पंच्याहत्तर अशी असते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठात दहा व परीक्षेत तीस हे दोन्ही स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. ही अट मुलांना नीट समजावून सांगितली नाही तर घात होतो. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ गृहपाठ धरले जातात, म्हणून कापसाच्या वेचणीच्या किंवा घरच्या लग्नाच्या आठवड्यात एखादा राहिला तरी चालते. पण मुले पहिला गृहपाठ चुकला की सगळेच सोडून देतात, कारण सवलत असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मागच्या सत्रात माझ्या वर्गातल्या अकरा जणांनी नाव नोंदवले, पाच जणांनी शुल्क भरले, चौघे परीक्षेला बसले आणि तिघे उत्तीर्ण झाले. उत्तीर्ण झालेली एक मुलगी शहाद्याकडची. तिला आदल्या दिवशी एसटीने निघून नातेवाइकाकडे मुक्काम करावा लागला. परीक्षेच्या शुल्काएवढाच खर्च येण्याजाण्यात आणि खाण्यात गेला. तिने मला विचारले, ‘सर, हे श्रेयांक मार्कशीटवर कुठं दिसतील?’ आणि मी तिला महाविद्यालयाच्या कार्यालयात पाठवले, कार्यालयाने परत माझ्याकडे पाठवले. शेवटी ते श्रेयांक जमा झाले, पण त्यासाठी अर्ज दोनदा करावा लागला. साधन चांगले असूनही त्याला महाविद्यालयाच्या कारभारात बसवणारा माणूस नेमलेला नसेल, तर त्याचा भार सरतेशेवटी विद्यार्थ्याच्या खिशावर आणि चपलांवर पडतो. ज्या महाविद्यालयांत स्वयंम्‌साठी नेमलेला समन्वयक खरोखर काम करतो, तेथे मुलांना पाठवायला मी कचरणार नाही. केवळ अहवालात आकडा दाखवण्यासाठी वर्गच्या वर्ग नोंदवून टाकण्याची पद्धत मात्र मला पटत नाही.

ग्रंथालयाकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची एन-लिस्ट ही महाविद्यालयांना ई-नियतकालिके पुरवणारी योजना आहे; तीत आमचे महाविद्यालय वार्षिक वर्गणी भरून सामील आहे. पाच-सहा हजारांच्या वर्गणीत सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि प्रचंड संख्येने ई-पुस्तके शिक्षक-विद्यार्थ्यांना घरबसल्या मिळतात. पैशाला मोल देणारी याहून चांगली योजना माझ्या पाहण्यात नाही. तरीही आमच्याकडे तिचा वापर करणारे बोटांवर मोजण्याइतके, कारण वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मिळवायला ग्रंथपालांकडे जाऊन नोंद करावी लागते, आणि तेवढे कष्ट घ्यायला आम्ही प्राध्यापकच तयार नसतो. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली करते, पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. खान्देशातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. ज्यांच्या वाचनालयात एकही परदेशी नियतकालिक येत नाही, त्यांनाच दाराबाहेर ठेवले गेले, हे मला खटकते.

शेवटी ज्या साधनाने माझे मन जिंकले त्याविषयी. मूडल हे अध्यापन-व्यवस्थापनाचे मुक्त सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली प्रसिद्ध केले, आणि आज जगभरातली विद्यापीठे ते वापरतात. त्यात पाठ, टिपणे, गृहपाठ, चाचण्या, गुणनोंद हे सगळे एका जागी राहते. मात्र ते चालवायला सर्व्हर लागतो, सर्व्हरला नेट लागते, आणि आमची गाडी तेथेच अडली होती. मग मूडलबॉक्स सापडला. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक असतो; त्याच्या मेमरी कार्डवर हे विनामूल्य सॉफ्टवेअर टाकले, की ती डबी स्वतःचे वायफाय तयार करते आणि त्या वायफायला जोडलेल्या मोबाइलवर पूर्ण मूडल उघडते. नेटची गरज नाही, कुणाचा डेटा खर्च होत नाही. कार्ड, चार्जर, आवरण असे सगळे धरून आम्हाला साडेसात हजारांच्या आत पडले. विद्यार्थी तिला ‘डबी’च म्हणतात.

डबीत मी फेटची मराठी आणि इंग्रजी सिम्युलेशन, एनपीटीईएलची उतरवलेली व्याख्याने, स्पोकन ट्युटोरियलचे पाठ आणि माझी टिपणे भरून ठेवली आहेत. सर्वांत जास्त उपयोग चाचणीचा झाला. मूडलमध्ये गणिती प्रश्नांचा एक प्रकार असा आहे, की प्रश्न एकच लिहायचा आणि त्यातले आकडे प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे मिळतात. उत्तरात किती टक्के फरक चालेल तेही ठरवून देता येते. पहिल्या चाचणीत नेहमीप्रमाणे कुजबुज सुरू झाली, ‘किती आलं रे?’ दोन मिनिटांत मुलांच्या लक्षात आले की शेजाऱ्याचे उत्तर आपल्या उपयोगाचे नाही. मग कुजबुज बदलली, ‘कसं काढलं?’ अशी झाली. मी पर्यवेक्षक म्हणून त्यांना थांबवायला हवे होते, थांबवले नाही.

दोष सांगितले पाहिजेत. डबीचे अंगभूत वायफाय दुबळे आहे. वीस-बावीस मोबाइल जोडले गेले की पुढच्यांना ती दाद देत नाही. त्यासाठी केबलने जुना राउटर जोडावा लागला. वीज अचानक गेली तर मेमरी कार्ड बिघडण्याची भीती असते, म्हणून आम्ही ती पॉवरबँकेवरच चालवतो आणि दर शनिवारी सगळ्याची एक नक्कल काढून ठेवतो. सुरुवातीचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असलेला असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. आम्ही तिसऱ्या दिवशी बदलला, तोवर तृतीय वर्षाच्या एका गुणी बाळाने मुखपृष्ठावर शेवभाजीचे छायाचित्र चढवले होते. मूडलची मराठी आवृत्ती अर्धवट भाषांतरित असल्यामुळे बटणे मध्येच इंग्रजीत येतात.

आणि घड्याळ. नेटशी जोडलेला संगणक आपली वेळ तेथून घेतो. आमच्या डबीत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, त्यामुळे नेटशिवाय ती बंद होऊन पुन्हा सुरू झाली, की शेवटची वेळ जिथे थांबली तिथूनच पुढे मोजू लागते. अंतर्गत परीक्षेच्या दिवशी हे मला कळले. चाचणी सोमवारी सकाळी अकराला उघडेल असे मी लावून ठेवले होते, डबी शनिवारी संध्याकाळी बंद झाली होती, आणि सोमवारी अकरा वाजता अडतीस मोबाइलांवर एकच मजकूर होता, चाचणी अजून सुरू झालेली नाही. डबीच्या हिशेबी अजून शनिवारची संध्याकाळच होती. वेळ दुरुस्त करण्याची सोय तिच्या नियंत्रणपानावरच आहे, पण ती सापडेपर्यंत पाव तास गेला आणि तेवढा वेळ वाढवून द्यावा लागला. तेव्हापासून आमचे प्रयोगशाळा परिचर रोज सकाळी साडेदहाला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून डबीला वेळ सांगतात आणि नोंदवहीत सही करतात. बटन-सेलवर चालणारे घड्याळाचे छोटे मॉड्यूल दोन-तीनशे रुपयांत मिळते, त्याची मागणी मी खरेदी समितीकडे दिली आहे. समितीने तीन कोटेशन मागवली आहेत.